मस्कतला जाताना उतार

कर्जतच्या बाजारपेठेत चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात माझं टेबल होतं. बाहेर पाटी होती : 'विमान तिकिटे मिळतील'. पाटी रंगवणाऱ्याने हौसेने कोपऱ्यात एक विमान काढून दिलं होतं. फक्त त्याचं नाक वर जायच्या ऐवजी खाली गेलं होतं. मी ते बदलून घेतलं नाही, कारण तोवर गावाने ती खूण धरली होती. "ते पडकं इमान हाय ना, त्या बाईंकडं जा," असं लोक एकमेकांना सांगायचे. त्या पडक्या विमानाखाली बसून मी पंचवीसेक वर्षं माणसं आकाशात पाठवली. सगळी सुखरूप उतरली, हे पाटीच्या बाजूने सांगायला हवं.

आता गाळा दिला आहे. तिकिटं फोनवर निघतात, आणि विमानतळच पनवेलपर्यंत आलाय. कर्जतची बाई कोणाला लागणार? तक्रार करत नाही. पण फोन तिकीट देतो आणि गप्प बसतो, आणि आमच्या धंद्यात तिकीट दिल्यानंतरच खरं काम सुरू व्हायचं.

बाहेरच्याला वाटतं, आमचं काम म्हणजे जागा आहे का आणि भाडं किती. पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा : किती लांब? आणि लगेच दुसरा : किती वेळ? हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

वडील भूगोलाचे मास्तर होते. त्यांचा पृथ्वीगोल मी दुकानात आणून ठेवला होता आणि त्याच्या दांड्याला काळा दोरा बांधला होता. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं जिथं जायचं तिथं, आणि ताणून धरायचा. विमानाचं अंतर म्हणजे साधारण तो ताणलेला दोरा. घाट नाही, वळण नाही. मस्कतवर दोरा ठेवला की मग तोच उचलून कोलकात्यावर ठेवायचा. मस्कत कोलकात्याहून जवळ भरतं! हे पाहून भल्याभल्यांचे डोळे विस्फारायचे. रसायनीच्या कारखान्यांत पाइप जोडायला शिकलेली, आणि मग जास्त पगारासाठी आखातात निघालेली मुलं तर तो दोरा स्वतःच्या हाताने पुन्हा लावून बघायची. घरी आईला सांगायला त्यांना काहीतरी मिळायचं. "लांब नाय गं, कलकत्त्याच्या अल्याडच हाय."

दोऱ्याने एकदा मोठं तिकीटही घालवलं. द्रुतगती मार्गालगतची जमीन विकलेले एक शेट कुटुंबाला सिंगापूर दाखवायला निघाले होते. सगळं ठरलं आणि मग हळूच म्हणाले, "बाई, मार्ग तेवढा जमिनीवरनं घ्या. आयेला शबूद दिलाय, समुद्र वलांडनार नाय." मी दोरा लावला. चेन्नईच्या पुढे नुसतं पाणीच. मग कोलकाता, मग बँकॉक, असा वळसा घालून दाखवला, प्रवासाचा वेळ दुपटीच्या वर गेला तरी शेट तयार होते. पण शेवटी मला खरं सांगावं लागलं की सिंगापूर हे बेटच आहे, कसंही गेलात तरी चहूबाजूंनी समुद्र. शेट बराच वेळ गोलाकडे बघत बसले. मग म्हणाले, "काठमांडूला काय काय हाय बघायला?" त्यांना काठमांडूची तिकिटं दिली. परत आल्यावर मला पशुपतिनाथाचा प्रसाद द्यायला आले, तेव्हा आई पण बरोबर होती. ती सिंगापूरला जायला राजी होती म्हणे, त्या शब्दाबद्दल तिला पुन्हा कोणी विचारलंच नव्हतं!

अंतर असं दोऱ्याने दाखवता येतं. वेळ दाखवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, निघायची इथल्या घड्याळाची आणि पोचायची तिथल्या. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. त्यामुळे दुपारी चारला मुंबईहून सुटलेलं विमान तिकिटावर सव्वापाचला मस्कतला उतरतं. आणि येताना सकाळी दहाला निघालेलं दुपारी सव्वादोनला मुंबईत. विमान दोन्ही वेळा पावणेतीन तासच उडतं, पण कागदावर जाताना सव्वा तास आणि येताना सव्वाचार.

यावर मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले. पण गणपतरावांसारखा कोणी विचारला नाही, आणि या लेखात मला खरं तर त्यांच्या घरचीच गोष्ट सांगायची आहे.

गणपतराव खालापूर तालुक्यातल्या एका गावचे. भाताची थोडी शेती, आणि उमेदीची सगळी वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून बोरघाटात रूळ सांभाळण्यात गेलेली. त्यांची मुलगी सविता लग्नानंतर मस्कतला होती. जावई रसायनीचाच कारागीर, तिकडे जाऊन सुपरवायझर झालेला. सविताचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिच्याजवळ माहेरचं कोणी नव्हतं. आता पुन्हा दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी मंगळवारी सकाळी ऑपरेशन करायचं ठरवलं होतं, आणि तिने फोनवर एकच धोशा लावला होता : आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही.

आई म्हणजे यमुनाबाई. आपल्या भागाबाहेर कधी न गेलेल्या. सही येत होती, इंग्रजी अक्षर येत नव्हतं. नवरा-बायको दोघं माझ्यासमोर बसले होते. मी तिकीट काढून वेळा वाचून दाखवल्या, जातानाची आणि परतीची. गणपतरावांनी बोटांवर हिशेब केला आणि गंभीरपणे विचारलं,

"बाई, म्हंजी जाताना उतार हाय का?"

मला आधी कळलंच नाही.

"न्हाय, आपली गाडी लोनावळ्यावरनं खाली येती तवा भराभर येती. चढताना कर्जतला मागनं इंजिनं लावत्यात, तरी हळूहळू चालती. तसंच दिसतंय हे. येताना मागनं लावत नाय का काय?"

मी हसले नाही, हे माझं मलाच कौतुक वाटतं. ज्या माणसाचं आयुष्य त्या घाटात गेलं, त्याने दुसरं काय म्हणावं? मी गोल फिरवून दाखवला, सूर्य आपल्याकडे आधी येतो, तिकडे उशिरा, म्हणून घड्याळ मागे. उतार-चढ असं काही आकाशात नसतं. गणपतराव मान डोलावत होते, पण ती शिक्षकासमोर विद्यार्थी डोलावतो तशी. यमुनाबाईंनी फक्त विचारलं, "मी पोचेन ना येळंवर?"

"पोचाल. मी सोबत बघून देते."

सोबत बघणं ही माझी धंद्यातली रीत होती. पहिल्यांदा विमानात बसणारं माणूस मी कधी एकटं सोडलं नाही. आधी त्याच दिवशी तिकडे जाणारं आपल्या भागातलं कोण आहे ते आठवायचं आणि मग त्या विमानात तिकीट काढायचं. दिवस, भाडं, वेळ सगळं त्यानंतर. रविवारी दुपारी प्रकाश म्हणून रसायनीचा एक फिटर मस्कतला परतत होता, म्हणून यमुनाबाईंचं तिकीट रविवारचं. प्रकाशला सांगून ठेवलं, मावशींना दारापासून दारापर्यंत न्यायचं.

अडचण निघाली ती पंचांगात. रविवारी अमावास्या होती. असल्या कामाला अमावास्येला कसं निघायचं? गणपतराव दुसऱ्या दिवशी एकटेच आले. मी म्हटलं, सोबत हवी तर हाच दिवस. तेव्हा त्यांनीच तोड सांगितली. "प्रस्थान ठिवतो मंग."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वस्तू बांधून ते गाठोडं जायच्या दिशेला दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. मग खऱ्या दिवशी वाटेत ते उचलून पुढे जायचं. माझी आजीसुद्धा ठेवायची. मी खुशाल ठेवा म्हटलं. मला काय माहीत, गणपतराव ती रीत इतकी मनावर घेणार आहेत!

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "बाई, तुमी जरा खालापूरला येताव का? भावाच्या घराला कुलूप हाय."

"मग? तुम्ही विमानतळावर निघा ना."

"पासपोर्ट आत हाय."

मी स्कूटी काढली. वाटेत मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टोलनाक्याच्या अलीकडे गणपतरावांच्या चुलत भावाचं, बाळारामांचं घर. दाराला कुलूप. ओट्यावर यमुनाबाई नवं लुगडं नेसून, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. भाड्याची गाडी रस्त्यात उभी. आणि गणपतराव पुन्हा पुन्हा फोन लावत होते, आणि तो बंद दाराआड वाजत होता. बाळाराम मेव्हणीच्या घरी साखरपुड्याला कुटुंबासकट गेले होते आणि फोन घरीच विसरले होते. गणपतराव सकाळी येणार, हे त्यांनी संध्याकाळी येणार असं ऐकून ठेवलं होतं. शेजारचा एक जण मोटारसायकलवर त्यांना आणायला गेला होता.

"पासपोर्ट प्रस्थानात ठेवायची कल्पना कोणाची?" मी विचारलं.

"माजीच." गणपतराव म्हणाले. "ज्याच्याबिगर निघता येत नाय, तेच ठिवलं की निघालंच म्हनायचं. साडी ठिवून काय, साडी दुसरीबी नेसंल."

यात चूक काढायला जागा नव्हती, तेच मला जास्त लागलं.

विमान सुटायच्या तीन तास आधी पोचा असं आम्ही सांगतो, पण खरी दोरी तासाभराची असते. सुटायच्या एक तास आधी खिडकी बंद होते, मग पाया पडलात तरी उघडत नाही. विमानाची वेळ मी मिनिटात सांगू शकत असे. खालापूर ते मुंबई विमानतळ ही वेळ देवालासुद्धा सांगता आली नसती. मी घड्याळ बघितलं आणि गणपतरावांना म्हटलं, "कुलूप तोडा. भाऊच आहे, समजून घेईल. मी नवीन कुलूप आणून लावते."

गणपतराव उठले. शेजाऱ्याच्या अंगणात लोखंडी पहार पडली होती, ती उचलली. तेव्हा यमुनाबाई ओट्यावरून उतरल्या आणि दारासमोर उभ्या राहिल्या.

"ठिवा ती."

"अगं, इमान जाईल."

"जाऊ दे. प्रस्थान घरधन्यानं हातात द्यावं लागतं. कुलूप फोडून चोरासारकं उचललेलं मी पोरीच्या दारात नेनार नाय. तिचं एक गेलंय."

मी त्यांना समजवायला गेले. एक रीत पाळायची की मुलीजवळ पोचायचं, असं अगदी तोंडावर विचारलं. मला राग आला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले होते, पण पाय हलले नाहीत. "बाई, तुमी दुसरं इमान बगा. दुसरं कुलूप नका बगू."

पहार खाली गेली. आम्ही तिघं त्या ओट्यावर बसून राहिलो. प्रकाशचा विमानतळावरून फोन आला, मावशी कुठे आहेत? मी त्याला पुढे जायला सांगितलं. मग सविताचा फोन आला. यमुनाबाई म्हणाल्या, "निगालेय गं. प्रस्थान झालंय माजं." पलीकडून रडण्याचा आवाज मला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. फोन ठेवल्यावर त्यांनी लाडवांच्या डब्याचं झाकण उगाचच दोनदा उघडून लावलं.

बाळाराम आले ते टेंपोतून, दुपार कलताना, नव्या सदऱ्यावर साखरपुड्याचं कुंकू. दोष कोणाचा यावर दोघा भावांचं जे व्हायचं ते झालं. पण आधी बाळारामांनी हातपाय धुतले, देवासमोरचं गाठोडं उचललं, यमुनाबाईंच्या ओंजळीत ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. "जा वैनी. नातू घेऊन या." विमान तेव्हा मुंबईच्या वर गेलेलं होतं.

मी तिथेच ओट्यावर बसून पुढचं काम सुरू केलं. सुट्ट्या संपून सगळं मस्कत परतत होतं. सोमवारच्या थेट विमानांत एक जागा नाही. मंगळवारी होती, पण ती संध्याकाळची, काय उपयोग! राहिले वळशाचे मार्ग. त्यातले दोन-तीन बरेच आखूड होते. मी ते बाजूला सारले आणि त्यातला एक लांबचा धरला : मुंबईहून दोहा, आणि दोह्याहून परत मागे मस्कत. कारण सोमवारी सकाळी रेश्मा दोह्याला परतणार होती. कर्जतची मुलगी, तिकडे इस्पितळात नर्स, तिकीट माझ्याकडचंच. अंतर मोजून मार्ग निवडायचा असतो असं कोणीही सांगेल. मी सोबत मोजून निवडायची.

गणपतरावांना मी तो मार्ग समजावला. "म्हणजे बघा, कर्जतहून भिवपुरीला जायचं, तर आधी कल्याणला जायचं आणि दुसरी गाडी धरून मागे यायचं."

ते विचारात पडले. "म्हंजी भिवपुरी वाटंतच लागती."

"बरोबर. मस्कत वाटेतच लागतं."

"मंग तितं उतरवत नाय का? थांबा नाय?"

या वेळी मात्र मी हसले. यमुनाबाईही हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा.

रेश्माने काम चोख केलं. दोह्याला तिची ड्यूटी संध्याकाळी होती. मावशींबरोबर आतल्या आत जितकं जाता येईल तितकं गेली, तिथून विमानतळावर कामाला असलेल्या एका बाईच्या स्वाधीन केलं, आणि यमुनाबाई मस्कतच्या विमानात बसल्यावरच घरी गेली. जिथे सरळ गेलं असतं तर पावणेतीन तास लागले असते, तिथे सगळा दिवस गेला. सोमवारी रात्री जावयाचा फोन आला, आई पोचल्या. मी देवासमोर साखर ठेवली. देवाधर्माची मी फारशी नाही, पण त्या दिवशी ठेवली.

मंगळवारी सकाळी सविताला आत नेलं. आईने प्रस्थानाचा तांदूळ पदराला बांधला होता, तो घेऊन त्या बाहेर बसून राहिल्या. मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप, बाळ सुखरूप. गणपतराव पेढे घेऊन माझ्या दुकानात आले आणि पेढा हातात ठेवताना रडले, उघडपणे, गिऱ्हाइकांसमोर. मीही रडले. चपलवाला डोकावून गेला, काही वाईट झालंय असं त्याला वाटलं.

कुलूप न तोडण्याचा तो हट्ट बरोबर होता की नाही, यावर मी अजूनही मनात भांडते. दोह्याचं विमान रखडलं असतं तर? रेश्मा त्या दिवशी जाणारी नसती तर? पण भांडणात जिंकावं असं मला कधी वाटलं नाही. यमुनाबाईंना मुलीच्या दारात कशा हातांनी उभं राहायचं ते ठाऊक होतं, आणि ते मला कुठल्याही तिकिटावर छापून देता आलं नसतं.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. येताना थेट विमान, सोबत पुन्हा प्रकाशची. दोन-चार दिवसांनी दोघं मला भेटायला आली, खजुराचा पुडा घेऊन. नातीचे फोटो दाखवले. फोनवर तिचं रांगणं दाखवलं. गणपतराव गोलावरचा दोरा घेऊन मस्कतपासून मुंबईपर्यंत पुन्हा पुन्हा लावत होते. यमुनाबाई वाळल्या होत्या.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "प्रवास कसा झाला? या वेळी वळसा नव्हता, लवकर आलात."

त्या म्हणाल्या, "बाई, तुमी म्हनलेलाव, उतार-चढ काय नसतो वर."

"हो."

"असतो. ह्यांचंच खरं हाय. जाताना दिसभर फिरवलान, दोन इमानं झाली, पर कदी पोचले ते कळलंच नाय. आन येताना सरळ आले, तर संपंचना. पोर रांगत दारापरतूर आलेली. सगळा घाट चढतेय असं वाटत व्हतं, आन मागनं लावायला कोन नाय."

गणपतरावांनी हातातला दोरा खाली ठेवला.

माझ्याकडे गोल होता, सूर्य होता, दीड तासाचं गणित होतं. मी यातलं काहीही काढलं नाही. पोऱ्याला हाक मारून तीन चहा सांगितले, आणि चहा येईपर्यंत आम्ही तिघं पुन्हा नातीचं रांगणं बघत बसलो.